थंड असताना एका ओढीत चालू, गरम झालं की हलतच नाही : बोटीच्या इंजिनाला नेमकं होतं काय?

पाऊस लागला की नाशिककराच्या तोंडी एकच प्रश्न, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं? गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण पाणी मारुतीच्या अंगावर मोजतो, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. त्या दिवसांत घाटावर रबरी बोटी फिरताना दिसतात, आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे म्हणून जीवरक्षक, बोटी, बंदोबस्त याची चर्चा पुन्हा सुरू झालीय. पण त्या बोटीच्या मागे लटकवलेल्या इंजिनाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ओबीएम म्हणतात त्याला, म्हणजे बोटीच्या बाहेर मागच्या फळीला बसवलेली मोटर. पुरात सगळा भार तिच्यावर असतो.

आमच्या ओळखीतल्या पोहणाऱ्या पोरांचा एक ग्रुप आहे, त्यांच्याकडे अशी एक बोट आहे, टू-स्ट्रोक इंजिनाची, रस्सी ओढून चालू करायची. मी दुचाकीच्या गॅरेजमधला माणूस, म्हणून इंजिन बघायचं काम माझ्याकडे. मागच्या मे महिन्यात गंगापूरच्या बॅकवॉटरला सराव होता. सकाळी एका ओढीत इंजिन उचललं, दोन तास मस्त चाललं. दुपारी एकला काठाला लावून पोरांनी पंधरा मिनिटं डबे खाल्ले आणि परत चालू करायला गेले तर काही केल्या उचलेना. तीस-पस्तीस वेळा ओढलं असेल, एकाच्या तळहाताला फोड आला, तो रुमाल गुंडाळून ओढत राहिला. "दादा, सकाळी तर पहिल्या ओढीत आलं होतं हो!" हे वाक्य मी त्या दिवशी दहा वेळा ऐकलं. आणि गंमत म्हणजे साडेचारला, ऊन उतरल्यावर, तेच इंजिन एका ओढीत चालू.

आदल्याच आठवड्यात एका मेकॅनिकने याच तक्रारीवर प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल बदलून दिली होती, पैसे गेले आणि रोग तसाच राहिला. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, कारण असा अनुभव बोटीवाल्यांनाच नाही, जुनी स्कूटर, फवारणीचा पंप, जनरेटर वापरणाऱ्या प्रत्येकाला आलेला असतो, आणि बहुतेक वेळा अंदाजाने पार्ट बदलले जातात.

मुळात पेट्रोल पेटतं कसं

पातळ पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत बरोबर मिसळलेली असेल तर. साधारण हिशोब असा की वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. चुलीचं बघा ना, लाकडं कमी घातली तर जाळ धरत नाही आणि एकदम कोंबली तर नुसता धूर. इंजिनात हे माप जमवायचं काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्या तळाशी छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल एका ठराविक पातळीपर्यंत भरून राहतं, आणि ती पातळी राखायला आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखीच फ्लोट आणि सुई असते. वाटी भरली की सुई वर जाते, पेट्रोल बंद.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून चोक ओढून हवा कमी करतो आणि पेट्रोल जास्त पाठवतो. गरम इंजिनात वाफ आयतीच होते, तिथे चोकची गरजच नसते. हे लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी गडबड चोकमुळे होते.

"पाण्यात असून इंजिन तापतं कसं?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि प्रश्न बरोबरच आहे. इंजिन चालू असतं तेव्हा खालचा एक रबरी पंखा, त्याला इम्पेलर म्हणतात, नदीतलं पाणी ओढून वर इंजिनभोवती फिरवतो, आणि मागून एक बारीक धार बाहेर पडत राहते. पण इंजिन बंद केलं की पंखा थांबतो आणि आतलं पाणीही खाली उतरून जातं. आता धातू तापलेला, वरून झाकण बंद, आत वारा नाही, पाणी नाही. म्हणजे गार करणारा माणूस निघून गेला आणि उष्णता तिथेच राहिली.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापवताना गॅस बंद केला तरी दूध वर येतच राहतं, बघितलंय ना? तसंच. बंद केल्यानंतरची पहिली दहा ते वीस मिनिटं झाकणाखालचं तापमान उतरायच्या ऐवजी चढतं. कार्ब्युरेटर, पेट्रोलचा पंप, पाईप हे सगळं त्याच झाकणाखाली. आणि पेट्रोल ही काही एक वस्तू नाही, बऱ्याच घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशालाच उकळायला लागतात, जड घटक पार २०० च्या आसपास. नाशिकला मे महिन्यात बाहेरचीच हवा ४० ला टेकते, मग झाकणाखाली काय होत असेल ते बघा. म्हणूनच पाच मिनिटांच्या थांब्यात कधी कधी काही होत नाही, तासाभराच्या थांब्यातही होत नाही, आणि बरोबर चहा-नाश्त्याच्या पंधरा मिनिटांत होतं.

एक लक्षण, दोन उलटे आजार

आता खरा मुद्दा. गरम इंजिन उचलत नाही याचा अर्थ एकतर पेट्रोल फार झालंय किंवा पेट्रोल पोचतच नाहीये. दोन्हींत बाहेरून दिसतं सारखंच, रस्सी ओढा, इंजिन फिरतं, पेटत नाही. पण इलाज अगदी उलटे, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की रोग वाढतो.

पहिला प्रकार म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत पेट्रोल ओव्हर होणं. वाटीतलं पेट्रोल उकळतं, दुधासारखं वर येतं आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, थेंब थेंब इंजिनात गळत राहतं. आत वाफेची इतकी गर्दी होते की हवेला जागा नाही, ठिणगी पाडणारा प्लग ओला होतो. यात तुम्ही चोक ओढला की आगीत तेल नाही, उलट विझत्या चुलीत आणखी ओली लाकडं.

दुसऱ्या प्रकाराला व्हेपर लॉक म्हणतात. पाईपमध्ये किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन बुडबुडा बसतो आणि पंप तो बुडबुडाच दाबत बसतो, पुढे पेट्रोल जात नाही. दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्याला हे समजावायची गरज नाही, मोटरीने एअर घेतली की मोटर गरगर फिरते आणि पाईपातून पाणी येत नाही, तेच हे.

मग ओळखायचं कसं

हत्यार काढायच्या आधी तीन गोष्टी बघा, कारण घाईत याच राहतात. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची लाल दोरीवाली क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीत पेट्रोल आहे का. हसू नका, पाण्यात ताण असतो तेव्हा जुनी जाणती माणसंसुद्धा क्लिप विसरतात.

मग झाकण उघडा. नुसतं उघडल्यानेसुद्धा कोंडलेली गरमी बाहेर जाते, म्हणून थांबलात की झाकण उघडायची सवय लावून घ्या. आता वास घ्या. पेट्रोलचा झणझणीत वास येतोय? ओव्हरकडे संशय. वास नाही? मग टाकीकडून येणाऱ्या पाईपवरचा रबरी बल्ब दाबून बघा. तो दगडासारखा घट्ट असेल तर वाटीपर्यंत पेट्रोल पोचलंय. मऊ असेल, दाबला की फसफस करून आत जात असेल आणि भरतच नसेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

खात्री करायला प्लग काढा. ओला आणि काळा म्हणजे ओव्हर. खणखणीत कोरडा म्हणजे उपाशी. ओला आहे, सुकवून परत लावला तरी काही नाही, तर मग करंटकडे जायचं.

प्लगचा करंट बघताना एक काळजी नक्की घ्या. प्लग बॉडीला टेकवून रस्सी ओढायची आपली सवय आहे, पण इंजिन ओव्हर झालेलं असताना प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि शेजारीच ठिणगी. भडका उडायला एवढं पुरे. बाजारात स्पार्क टेस्टर मिळतो, महाग नसतो, तो वापरा आणि भोक झाकून ठेवा. ज्या बोटीत इंजिन आत पोटात बसवलेलं असतं तिथे तर आणखी जपून, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, तळाला साचते, तिथे आधी ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवल्याशिवाय काहीच करायचं नाही.

ओव्हर झालंय? उपाशी आहे?

ओव्हर असेल तर चोक पूर्ण आत म्हणजे बंद, न्यूट्रलमध्ये थ्रॉटल (रेस) पूर्ण उघडा आणि पाच-सात वेळा ओढा. थ्रॉटल उघडला की हवा भरपूर जाते आणि जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. उचलल्याबरोबर थ्रॉटल खाली आणायचा हं, न्यूट्रलमध्ये फुल रेस झालं तर इंजिनाची वाट लागते. बटनाने चालू होणारं असेल तर सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर दम घेऊ द्या, नाहीतर सेल्फच जळतो आणि मग एकाचे दोन रोग.

उपाशी असेल तर बल्ब उभा धरून, त्याच्यावरचा बाण आकाशाकडे करून, घट्ट होईपर्यंत दाबा, म्हणजे वाफ पुढे ढकलली जाते. पेट्रोलच्या पंपावर आणि पाईपवर नदीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा. फडकं ठेवल्यावर दोन मिनिटांत उचललं तर तुमचं निदान झालं, वाफच होती, कॉइल-बिइल काही बदलायची गरज नाही. हे मला फार आवडतं, कारण फुकटात होणारी तपासणी आहे.

पण हे दोन्ही तात्पुरते उपाय झाले. वारंवार ओव्हर होत असेल तर फ्लोटची सुई बघा, तिच्या टोकावर खाच पडलेली असते, किंवा कचरा अडकलेला, आणि बॉलकॉक गळतो तशी ती गळते. वारंवार उपाशी राहत असेल तर पाईपच्या जोडातली रबरी रिंग बघा, तिथून पेट्रोल सांडत नाही पण हवा आत ओढली जाते त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही.

आणि इम्पेलर! गोदावरीच्या पुराचं पाणी म्हणजे गाळ, तो रबर घासून काढतो, वर पाणवेली पाणी आत घ्यायची जाळी बंद करतात. मागची धार बारीक झाली, कोमट ऐवजी कढत यायला लागली की समजायचं इंजिन आधीच जास्त तापतंय, आणि जे जास्त तापतं ते बंद केल्यावरही जास्त तापवतं. दोन-तीन वर्षांत तो बदलायचाच, गाळात वापर असेल तर आधीच. आणि जमिनीवर कोरडं चालवून बघू नका, पाण्याशिवाय थोडा वेळ फिरला तरी खराब होतो. खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा, मग चालवा.

"वास नाही, बल्ब टाइट, तरी नाही उचलत"

मग पेट्रोल सोडा. कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिच्यात कुठे चीर असेल तर थंड असताना टोकं टेकतात आणि तापून पसरली की सुटतात. गार झालं की परत टेकतात. म्हणून थंड कॉइल मीटरवर पास होते आणि लोक म्हणतात कॉइल चांगलीय. ती गरम असतानाच मोजायची, हाच सगळा मुद्दा आहे.

सेल्फ गरम झाल्यावर आळसावल्यासारखा फिरत असेल तर बॅटरीच्या तारांची टोकं बघा, हिरवट बुरा धरलेला असतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तार गेलीय.

फोर-स्ट्रोकमध्ये टॅपेट फार टाइट असतील, म्हणजे व्हॉल्व्हपाशी फट फार कमी असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं. टू-स्ट्रोकमध्ये तेच काम पिस्टनच्या घासलेल्या रिंगा करतात. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्हींचं कॉम्प्रेशन गरम असताना मोजून एकमेकांशी ताडून बघा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आत काम निघालंय.

"हे सगळं इथेनॉलमुळे होतंय ना?"

२०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय आणि तेव्हापासून प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्यावर फोडलं जातं. थोडं खरं आहे, सगळं नाही. इथेनॉल स्वतः ७८ अंशाला उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ व्हायची प्रवृत्ती वाढते, हा परिणाम सगळ्यात जास्त दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि वीसला थोडा कमी होतो पण असतो. जुनी रबरं, पंपाचे पडदे इथेनॉलमुळे लवकर कडक किंवा मऊ होतात, ते बदलून इथेनॉलला चालणारे घालणं गरजेचं आहे.

माझ्या मते बोटीला खरा धोका वेगळाच आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. बोट सहा-सहा महिने पडून असते, टाकी अर्धी, झाकण नीट नाही. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि पेट्रोलमध्येच मिसळलेलं टू-स्ट्रोकचं ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीचा पाईप ओढतो तळाचं. म्हणजे इंजिनाला ऑईलशिवायचं पाणी-अल्कोहोल जातं, आणि हे नेमकं पुराच्या पहिल्या दिवशी होतं कारण त्याआधी बोट काढलेलीच नसते. जुनं पेट्रोल ओतून काढा, ताजं भरा, दुसरा मार्ग नाही. पण गरम इंजिन न उचलणं हा आजार इथेनॉलच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

"आमचं इंजेक्शनचं आहे, आम्हाला काय?"

तुमचं नशीब बरं आहे. इंजेक्शनमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर ठरवेल तेवढं पेट्रोल फवारलं जातं तिथे, पेट्रोल दाबाखाली असतं आणि कुकरमध्ये पाणी जसं शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही तसं दाबातलं पेट्रोलही लवकर उकळत नाही. तरी यातही इंजिनाला लागून पेट्रोलची एक छोटी टाकी असते, ती तापली की तिथे वाफ होतेच. शिवाय तापमान सांगणारा सेन्सर बिघडला की तो गरम इंजिनाला थंड समजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे कोणीतरी गुपचूप चोक ओढल्यासारखंच झालं.

"अर्ध्या तासाने होतं ना चालू, मग बिघडलं काय?"

फिरायला गेलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. पण पुरात बोट कशी चालते ते आठवा. एका घरापाशी जायचं, बोट ढकलणाऱ्या पंख्यापाशी (प्रोपेलरपाशी) माणसं आहेत म्हणून इंजिन बंद करायचं, म्हातारी माणसं, पोरं एकेक करून उतरवून घ्यायची, याला दहा-पंधरा मिनिटं लागतातच, आणि मग परत चालू करायचं. बरोबर त्याच पंधरा मिनिटांत इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं. खाली प्रवाह ओढतोय, बोटीत सात-आठ जीव, आणि इंजिन उचलत नाही. हे मला रात्री झोप लागू देत नाही.

आणि आपण तपासणी कशी करतो? सकाळी, सावलीत, थंड इंजिन, एक ओढ, चालू झालं, बंद करा, ओके लिहा. त्या तपासणीत हा दोष कधीच सापडणार नाही.

म्हणून मी पोरांना दुसरी पद्धत लावून दिलीय. मे महिन्यात, दुपारी, बोट पाण्यात टाकून वीस मिनिटं ओझं घेऊन चालवायची. बंद करायची, झाकण बंदच ठेवायचं, बोट उन्हात. पाच मिनिटांनी चालू करून बघायची. परत चालवून तापवायची, बंद, आता पंधरा मिनिटं. मग तसंच तीस मिनिटं. कितव्या ओढीत उचललं ते वहीत लिहायचं.

आमच्या इंजिनाचा दोष असाच सापडला. पोरं काठाला लागली की सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद करायची, वास येऊ नये, सांडू नये म्हणून, आणि पाईप मात्र इंजिनाला जोडलेलाच. उन्हात टाकी तापायची, आत दाब वाढायचा आणि तो दाब पेट्रोलला पाईपातून पुढे रेटत कार्ब्युरेटरच्या सुईवरून आत घुसवायचा. इंजिन बंद असताना वाटी तुडुंब. टाकीवर हात ठेवला तर ती फुगलेली लागत होती, स्क्रू सैल केला तर सूंऽऽ करून हवा सुटली, तो आवाज ऐकून सगळी पोरं गप्प झाली. उलटंही होतं बरं का, चालू असताना स्क्रू बंद राहिला तर टाकीत पोकळी होऊन इंजिन थोड्या वेळाने उपाशी मरतं, आणि तेही गरम झाल्यामुळेच बंद पडलं असं वाटतं.

आता नियम साधा आहे, चालू असताना स्क्रू उघडा, थांबलो की आधी इंजिनाकडचा पाईप काढायचा आणि मग स्क्रू लावायचा, टाकीवर ओलं पोतं. फ्लोटची सुईही बदलली, तिच्या टोकाला नखाला लागेल एवढी खाच होती. वहीतली शेवटची नोंद अशी आहे : दुपारी दोन, कडक ऊन, पंधरा मिनिटं बंद, चोक नाही, दुसऱ्या ओढीत चालू.